प्लेट कोरी, पीसीआर पॉझिटिव्ह: पाइपातल्या चिकट्यातला डीएनए

रत्नागिरीच्या दक्षिणेला खाडीकाठी कोळंबीचं बीज वाढवणाऱ्या एका नर्सरीचालकाचा प्रश्न आहे, तो आधी थोडक्यात सांगतो. समुद्राचं पाणी आणणाऱ्या पीव्हीसी पाइपात आतून बुळबुळीत चिकटा धरतो. त्यांनी पाइपात क्लोरीनचं पाणी भरून ठेवलं, ओतून दिलं, दोन दिवस पाइप रिकामे ठेवले. मग आतून स्वॅब घेऊन टीसीबीएस प्लेटवर, म्हणजे व्हिब्रिओ जातीचे जिवाणू वाढवून बघायच्या माध्यमावर लावला, तर एकही कॉलनी, म्हणजे जिवाणूंचा ठिपका, नाही. त्याच जागेच्या दुसऱ्या स्वॅबची पीसीआर, म्हणजे डीएनए शोधणारी चाचणी, मात्र व्हिब्रिओ पॅराहिमोलायटिकस या जिवाणूसाठी पॉझिटिव्ह आली. आठ-दहा दिवसांनी प्लेटवर पुन्हा हिरव्या कॉलनी. ते विचारतात, "यातला खरा रिपोर्ट कोणता? आणि तो डीएनए मेलेल्या जंतूंचाच असेल, तर त्याची फिकीर कशाला करायची? एक जण डीएनेज नावाचं एन्झाइम सोडा म्हणतोय, घेऊ का?"

दोन्ही रिपोर्ट आपापल्या जागी खरे असू शकतात, आणि त्या डीएनएची फिकीर करायलाच हवी. गेली 22 वर्षं मी कोकणपट्टीत मासळी प्रक्रिया आणि कोळंबीपालनाच्या पाण्याची तपासणी करतो आहे. त्यातली सुरुवातीची बरीच वर्षं मीही जंतू मेला की विषय संपला असं मानायचो, आणि चिकट्याचा थर परत आला की क्लोरीन वाढवा असं सांगायचो. त्या सल्ल्यावर लोकांचे पैसे गेले आणि बीजही गेलं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात एका जुन्या, स्वस्त चाचणीपासून करतो, कारण सगळी गोष्ट त्यात डोळ्यांनी दिसते. व्हिब्रिओ ओळखायला आम्ही काचपट्टीवर सोडियम डीऑक्सिकोलेटच्या 0.5 टक्के द्रावणाचा थेंब घेतो आणि त्यात लूपनं, म्हणजे तारेच्या बारीक कड्यानं, कॉलनी घोळवतो. थेंब आधी दुधट होतो. मिनिटभरात त्याचा दुधटपणा जातो आणि तो दाटसर, पारदर्शक दिसू लागतो. मग लूप सावकाश वर उचलायचा. लाडवांचा पाक झाला का हे बघताना जशी तार सुटते, तशी लूप आणि काचपट्टीच्या मध्ये एक बारीक, चमकणारी तार उभी राहते. या द्रावणानं पेशींची आवरणं फुटतात आणि आतला डीएनए बाहेर येतो, त्याची ती तार. व्हिब्रिओ पॅराहिमोलायटिकसच्या एका पेशीतल्या डीएनएत सुमारे 52 लाख बेस-जोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या, असतात. पेशी असते दोन-तीन मायक्रॉनची आणि तिच्यातला डीएनए सरळ ताणला तर पावणेदोन मिलिमीटर भरतो, म्हणजे पेशीच्या लांबीच्या सहा-सातशे पट. अशा कोट्यवधी पेशी एकाच वेळी फुटल्या की थेंबभर पाण्याचा पाक होणारच.

ही तार मी हजारो वेळा ओढली असेल. पण पाइपातल्या चिकट्यातही हेच तंतू असतात, आणि तिथं ते माझ्या द्रावणाशिवाय येतात, हे ध्यानात यायला मला फार उशीर लागला.

इथं शब्दाचा एक घोळ आधी सोडवून टाकू. खाडीचं पाणी गाळून त्यात कुठल्या माशांचा डीएनए आहे हे हल्ली तपासतात, त्यालाही ईडीएनए म्हणतात. तिथं 'ई' म्हणजे पर्यावरण. मी बोलतोय त्या ईडीएनएतला 'ई' म्हणजे एक्स्ट्रासेल्युलर, पेशीबाह्य: जिवाणूंच्या थरात पेशींच्या बाहेर साठलेला डीएनए.

मेलेल्या जिवाणूचा डीएनए निकामी नसतो, ही गोष्ट तशी जुनी आहे. 1928 मध्ये ग्रिफिथनं न्यूमोनियाच्या मेलेल्या जिवाणूंमुळे जिवंत जिवाणूंचा स्वभाव बदलताना पाहिला आणि 1944 मध्ये ॲव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी तो बदल घडवणारा पदार्थ डीएनए असल्याचं दाखवलं. पण तेव्हा सगळं लक्ष आनुवंशिकतेवर होतं. हाच डीएनए थर बांधायच्या कामीही येतो, हे ठसठशीतपणे पुढे आलं ते 2002 मध्ये. सिंथिया व्हिटचर्च आणि सहकाऱ्यांनी स्युडोमोनास एरुजिनोसा नावाच्या जिवाणूच्या थरावर डीएनेज सोडलं. हे एन्झाइम फक्त डीएनए कापतं, पेशींना मारत नाही. 60 तासांपर्यंतचा थर विरघळला. 84 तासांच्या थरावर मात्र फारसा परिणाम झाला नाही. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, तुमच्या एन्झाइमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

मग हा डीएनए बाहेर येतो कसा? बराचसा पेशी फुटूनच येतो, पण ते फुटणं नुसता अपघात नसतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूत पेशी फुटायची आणि ते फुटणं रोखायची अशी जोडीची यंत्रणा आहे. थरातल्या थोड्या पेशी फुटतात, बाकीच्या त्या मालावर उभ्या राहतात. स्युडोमोनासमध्ये 2016 साली सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं की काठीसारखी पेशी आधी गोल होते आणि काही सेकंदांत फटाक्यासारखी फुटते. डीएनए बाहेर पडतो आणि आवरणाच्या चिंध्या गुंडाळून छोट्या पिशव्या बनतात. हे घडवतं ते पेशीतलंच एक एन्झाइम, आणि त्याचं जनुक जुन्या विषाणूंच्या अवशेषांमधलं आहे. आता क्लोरीनचा विचार करा. थराच्या वरच्या पेशी क्लोरीननं फोडल्या, तर बाहेर पडलेला डीएनए जातो कुठे? तिथंच राहतो, खालच्या थरात मुरतो.

थरात तो करतो काय, हे समजायला गावाकडची कुडाची भिंत डोळ्यासमोर आणा. कामट्या विणायच्या आणि त्यावर शेणमातीचा लेप द्यायचा. नुसती माती उभी राहत नाही, नुसत्या कामट्यांतून वारा येतो. थरातली बहुशर्करा (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या) आणि प्रथिनं हा लेप, आणि डीएनएचे लांब तंतू या कामट्या. डीएनएवर ऋण भार असतो, म्हणून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे धन भाराचे आयन त्याला दुसऱ्या ऋण रेणूंशी बांधतात. समुद्राच्या पाण्यात हे दोन्ही मुबलक असतात, त्यामुळे आपल्या पाइपात या बांधणीला माल कमी पडत नाही. स्युडोमोनासची पेल नावाची एक बहुशर्करा स्वतःच धन भाराची असते, ती डीएनएला सरळ चिकटते. आणि जिथं दोन तंतू एकमेकांना छेदतात, तिथं काही प्रथिनं गाठीसारखी बसतात. हीच प्रथिनं पेशीच्या आत डीएनए वळवून आटोपशीर ठेवतात, बाहेर आल्यावर जाळ्याच्या गाठी होतात. कानाच्या संसर्गातल्या हिमोफिलस या जिवाणूच्या थरांवर काम करणाऱ्यांनी प्रतिपिंडं वापरून ही प्रथिनं ओढून काढली, तेव्हा अख्खा थर ढासळला. आमच्या कोळी बांधवांना हे वेगळं सांगायला नको, गाठी सुटल्या की जाळं संपलं.

या ऋण भाराचा दुसरा परिणाम जास्त त्रासाचा आहे. काही प्रतिजैविकं धन भाराची असतात, उदाहरणार्थ जेंटामायसिनच्या घराण्यातली. ती वाटेतच डीएनएला चिकटून बसतात. शिवाय 2008 मध्ये दिसलं की डीएनएनं आजूबाजूचं मॅग्नेशियम ओढून घेतलं की स्युडोमोनासला ती धोक्याची खूण वाटते आणि तो आपलं बाहेरचं आवरण बदलून औषधाला आणखी दाद देईनासा होतो. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर असतं, त्यामुळे हा दुसरा परिणाम आपल्याकडे किती लागू पडेल हा वेगळा विचार आहे. पण थर आला म्हणून औषध टाका, हा मार्ग मी ठामपणे नाकारतो. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरानसारखी औषधं कोळंबीपालनात निषिद्ध आहेतच, आणि जी निषिद्ध नाहीत तीही या चिकट्यात शिरून काम करतील असं धरू नका.

सगळीकडे डीएनए थराला मदतच करतो असंही नाही. कॉलोबॅक्टर नावाच्या गोड्या पाण्यातल्या जिवाणूत थरातल्या मेलेल्या पेशींचा डीएनए पोहणाऱ्या नव्या पिल्लांच्या चिकटायच्या टोकावर बसतो आणि त्यांना तिथं टेकूच देत नाही. गर्दी झाली, पुढे सरका, असा तो निरोप. आणि कॉलऱ्याचा जिवाणू, म्हणजे आपल्या व्हिब्रिओचाच भाऊबंद, स्वतः दोन डीएनेज बाहेर सोडतो. ती दोन्ही जनुकं काढून टाकली की त्याचा थर जास्त जाड होतो आणि पेशींना सुटून जाणं अवघड होतं. म्हणजे कामट्या घालायच्या कधी आणि उपसायच्या कधी, हे तो स्वतः ठरवतो. उपसलेला डीएनए वायाही जात नाही, त्यातलं फॉस्फेट तो खाऊन टाकतो.

आता कोळंबीवाल्यांनी सगळ्यात लक्ष द्यावं अशी गोष्ट. कोळंबी कात टाकते, तिच्या कवचात कायटिन असतं आणि व्हिब्रिओला कायटिन फार आवडतं. 2005 मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं की कायटिनवर बसलेला कॉलऱ्याचा जिवाणू आजूबाजूचा मोकळा डीएनए आत ओढून घ्यायची यंत्रणा चालू करतो. 2015 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटानं त्यापुढची पायरी दाखवली: तोच जिवाणू त्याच वेळी विषारी भाला खुपसून शेजाऱ्याला मारतो आणि त्याचा सांडलेला डीएनए गिळतो. कायटिनवर डीएनए उचलायची ही सवय व्हिब्रिओ पॅराहिमोलायटिकसमध्येही आढळली आहे. म्हणून टाकीच्या तळाशी कात, न खाल्लेलं खाद्य आणि चिकटा एकत्र साठला, की तिथं जनुकांची देवाणघेवाण व्हायला हवी ती सगळी सामग्री असते. कोळंबीचा यकृत-स्वादुपिंड नासवणारा जो रोग 2009 पासून आधी चीनमध्ये आणि मग आग्नेय आशियात पसरला, त्याच्या विषाची जनुकं सुमारे 70 हजार जोड्यांच्या एका प्लाझ्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या वर्तुळाकार तुकड्यावर, आहेत. अशी प्लाझ्मिडं मुख्यतः जिवंत पेशीकडून जिवंत पेशीकडे जातात, पण जिथं पेशी दाटीनं खेटून बसल्या आहेत तिथं तेही सोपं होतं. तळ उपसा असं मी लोकांना सारखं का सांगतो, त्याचं हे कारण.

परत तुमच्या दोन रिपोर्टांकडे येऊ.

पीसीआरला फक्त डीएनए दिसतो. तो जिवंत पेशीतला आहे, मेलेल्या पेशीतला आहे की चिकट्यात नुसता अडकलेला आहे, हे त्याला कळत नाही. कोरडं ठेवल्यानं डीएनए नष्ट होत नाही, उलट कोरड्यात तो टिकतो. उन्हानं मोडतो, पण पाइपाच्या आत ऊन पोचत नाही. म्हणून क्लोरीननंतरचा पॉझिटिव्ह पीसीआर मला एवढंच सांगतो की थर अजून जागेवर आहे. पीसीआरआधी नमुन्यात प्रोपिडियम मोनोॲझाइड नावाचं रंगद्रव्य घालून प्रकाश दिला, तर मोकळा आणि मेलेल्या पेशींतला डीएनए बांधला जातो आणि मोजणीतून बराचसा वगळला जातो. तुमच्या प्रयोगशाळेला विचारून बघा. थर दाट असेल तर या युक्तीचाही भरवसा कमी होतो.

आणि कोरी प्लेट? तिच्यावर मी आणखी कमी विश्वास ठेवतो. स्वॅबवर उरलेलं क्लोरीन आलं, तर प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बाटलीतच जंतू मरतात. स्वॅबच्या द्रवात क्लोरीन निकामी करणारं सोडियम थायोसल्फेट हवंच. ते होतं का, हे आधी तपासा. मी पाहिलेल्या कोऱ्या प्लेटांपैकी बऱ्याच याच एका चुकीनं कोऱ्या होत्या. दुसरं म्हणजे टीसीबीएस हे कडक माध्यम आहे, जखमी पेशी त्यावर उगवत नाहीत. आधी मीठ घातलेल्या अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये त्यांना सावरू द्यावं लागतं. आणि तिसरं, रीटा कॉलवेल आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्येच दाखवलं होतं की व्हिब्रिओ जिवंत असूनही प्लेटवर न उगवणाऱ्या अवस्थेत जाऊ शकतो. तुमच्या पाइपात आठ-दहा दिवसांत ज्या हिरव्या कॉलनी परत आल्या, त्यातल्या काही नव्या पाण्याबरोबर आल्या असतील, पण काही खालच्या थरात तग धरून होत्या असं मी धरून चालेन. नव्या येणाऱ्यांनाही तयार भिंत मिळाली, खायला फॉस्फेट मिळालं. रिकाम्या घरापेक्षा कुड उभा असलेल्या घरात बिऱ्हाड लवकर थाटतं.

एन्झाइमबद्दल. मी स्वतः करून पाहिलं आहे. काचपट्टीवर दोन दिवस वाढवलेला व्हिब्रिओचा थर मॅग्नेशियम घातलेल्या, कमी मिठाच्या द्रावणात डीएनेजखाली तासाभर ठेवला. पट्टी तिरपी केल्यावर थर सायीसारखा घसरून गेला. शेजारची, एन्झाइम न घातलेली पट्टी तशीच धरून राहिली. मग एका कोळंबी बीज केंद्रातला पाइपाचा टी-जोड कापून आणला. आत खालच्या अंगाला करड्या-तपकिरी रंगाचा, नखानं ओरबाडला तर तार धरणारा थर होता, काही महिन्यांचा. त्यावर तेच एन्झाइम, तितकाच वेळ. वरची बुळबुळ थोडी कमी झाली, बाकी थर होता तिथंच होता.

याची कारणं आता बऱ्यापैकी कळतात. डीएनेज-1 ला मीठ मानवत नाही, समुद्राच्या पाण्यातल्या क्षारात त्याचं काम फार मंदावतं. जुन्या थरात लेप जाड होतो आणि कामट्या झाकल्या जातात. त्याखेरीज 2021 मध्ये असंही पुढे आलं की थर जुना होतो तसा त्यातला डीएनए नेहमीचा उजवा पीळ सोडून डाव्या पिळाचं रूप घेऊ लागतो, ज्याला झेड-डीएनए म्हणतात. डीएनेजला ते रूप कापता येत नाही. फुप्फुसातला दाट कफ पातळ करायला सिस्टिक फायब्रोसिसच्या रुग्णांना 1993 पासून डीएनेजचं औषध श्वासावाटे देतात, ते उपयोगी पडतं. पण तिथला डीएनए मुख्यतः पांढऱ्या पेशींचा, आणि कफ ताजा असतो. समुद्री शेवाळावर राहणाऱ्या एका बॅसिलसपासून मिळालेलं न्यूकबी नावाचं डीएनेज थर सोडवतं, हे 2010 मध्ये दाखवलं गेलं. समुद्रातल्याच जिवाणूनं ही कात्री बनवली आहे, म्हणून मला त्या दिशेकडून आशा आहे. पण आज तुमच्या पाइपात ओतायला विकत घ्यावं असं काही मी सुचवणार नाही. ते पैसे पाइपावर खर्च करा.

पाइपावर म्हणजे काय? आधी घासायचं, मग मारायचं. दर पाच-सहा मीटरला उघडता येणारं टोपण बसवा, आतून दोरीनं ओढता येईल असा स्पंज किंवा काथ्याचा कुंचा फिरवा. नंतर अल्कली असलेलं डिटर्जंट भरून ठेवा, मग गोड्या पाण्यानं भरपूर खंगाळा. गोडं पाणी इथं मुद्दाम सांगतोय, कारण त्यानं कॅल्शियम-मॅग्नेशियमही धुऊन जातं आणि खाऱ्या पाण्याला सरावलेल्या पेशीही फुगून फुटतात. एवढं झाल्यावर क्लोरीन. चिकटा जागेवर असताना क्लोरीन वरच्या सेंद्रिय मालातच खर्ची पडतं. उघड्या पृष्ठभागावर मात्र ते पेशी मारतं आणि डीएनएही मोडतं. पीसीआरचं टेबल आम्ही ब्लीचनंच पुसतो ते याचसाठी. क्लोरीननंतर थायोसल्फेट, मग पाणी.

कृपा करून क्लोरीन आणि ॲसिड कधीही एकापाठोपाठ, मध्ये न धुता वापरू नका. बार्नकलचं कवच काढायला काही जण पाइपात म्युरिॲटिक ॲसिड ओततात. त्यात क्लोरीन उरलेलं असेल तर विषारी वायू सुटतो, आणि पंपघर बहुधा बंदिस्त असतं. एका केंद्रावर अशा वायूनं घुसमटलेल्या मुलाला मी बाहेर ओढून आणलं आहे.

कोरडं करण्याबद्दलही एक सांगतो. मार्च-एप्रिलमध्ये दोन दिवसांत पाइप खडखडीत वाळतो. जून ते सप्टेंबर तो वाळतच नाही. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, हवाच ओली असते, त्यामुळे "दोन दिवस रिकामे ठेवले" याला पावसाळ्यात काही अर्थ नाही. तेव्हा ब्लोअरची हवा पाइपातून सोडा, किंवा सरळ सुटे पाइप दोन संच ठेवा आणि आलटून पालटून वापरा. टी-जोड, बंद टोकं आणि एअर स्टोनच्या मऊ नळ्या या तीन जागा मी सगळ्यात आधी बघतो. मऊ नळ्या स्वस्त असतात, त्या धुवत बसू नका, प्रत्येक बॅचला बदला.

पुढच्या वेळी स्वॅब घासण्याआधी एक आणि घासून, क्लोरीन मारून झाल्यावर एक, असे दोन घ्या, टी-जोडाच्या खालच्या अंगाचेच, थायोसल्फेटच्या द्रवात. दोन्हींचा पीसीआर आणि पेप्टोन वॉटरमधून लावलेली प्लेट एकत्र मागवा. पीसीआरमध्ये डीएनए किती ते मोजून देणारी प्रयोगशाळा असेल तर तो आकडा घ्या, नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह नको. दुसऱ्या स्वॅबमध्ये तो आकडा शंभर पटीनं उतरला नसेल, तर प्लेट कितीही कोरी असली तरी बीज सोडू नका, पाइप परत उघडा.